टोकाकडून पाहिलेला तारा

दिलेल्या वस्तूत देणाऱ्याचे मन किती आहे, हे घेणाऱ्याला मोजता येत नाही; म्हणूनच ते उत्तरदायित्व देणाऱ्याकडे राहते. जे आपण भलत्याच कोणासाठी केले, जे तिथून नाकारले जाऊन परत आले, ते वडिलांपुढे त्यांच्याच नावाने ठेवले आणि वडिलांनी ते भक्तीने डोळ्यांना लावले, तर पुत्राने काय करावे? सत्य सांगून त्यांचा आनंद हिरावून घ्यावा, की मौन राखून त्या आनंदाच्या पायाशी आपले असत्य तसेच पुरलेले राहू द्यावे? धर्म जाणणारे या प्रश्नाच्या दोन्ही बाजूंनी बोलतील, आणि दोन्ही बाजूंनी योग्यच बोलतील. अल्माती शहरात राहणारा, संगणकावर तारे रंगवून पोट भरणारा दाउरेन मात्र असल्या विचारापर्यंत एका अगदी क्षुल्लक गोष्टीने येऊन पोहोचला. वडिलांच्या सत्तरीच्या समारंभात त्याने त्यांचे ओठ हललेले पाहिले.

दिवाणखान्याएवढा पडदा होता. सूत्रधाराने दिवे मंद करायला लावले, आणि काळोखातून एक निळसर बिंदू उमलला. तो फुगला, थरथरला, आणि पाहता पाहता फुटला. तांबूस कड्या एकीबाहेर एक पसरत गेल्या, त्यांच्या काठांवर सोनेरी ठिणग्या लकाकल्या, मध्यभागी पांढरे तेज उरले आणि त्या तेजातून अक्षरे वर आली : झाक्सिलिक. वडिलांचे नाव. टाळ्या पडल्या. दाउरेन पडद्याकडे पाहत नव्हता. पडदा त्याला पाठ होता. तो वडिलांच्या मुखावरचा उजेड पाहत होता, आणि त्या तांबड्या उजेडात म्हाताऱ्याचे ओठ हलले. शब्द ऐकू आले नाहीत, पण त्यांची लांबी त्याने ओळखली. आजी अंगणात निजवताना शिकवायची : तारा तुटताना दिसला की लगेच म्हणावे, ‘माझा तारा उंच आहे.’ प्रत्येक जिवाचा एक तारा असतो, आणि तो निखळला की जीव जातो; म्हणून तुटणारा तारा आपला नाही हे आकाशाला वेळीच सांगून ठेवावे लागते. वडील त्यावर हसत. डोंगरावरच्या वेधशाळेत उभे आयुष्य घालवलेला तो मनुष्य आजीला म्हणायचा, “आई, ते खडे असतात गं, वाटाण्याएवढे.” आणि आज तोच मनुष्य, सगळ्या गोतावळ्यासमोर, कोट घालून, छातीवर पदक लावून, आपल्या मुलाने दिलेल्या भेटीपासून स्वतःचा तारा वाचवत होता. वडीलधाऱ्यांच्या मेजावर हात ताटांवरच थांबले होते. मग मांसाची परात आली, कोणीतरी कोणाची तरी थट्टा केली, वाद्ये सुरू झाली, आणि सगळे पूर्ववत झाले असे वाटले.

बाहेर गाडीपाशी आई उभी होती. समारंभातले उरलेले अन्न पाहुण्यांच्या घरी आशीर्वादासारखे जावे म्हणून तिने पिशव्या भरून वाटल्या होत्या, आणि शेवटची पिशवी छातीशी धरली होती. तिचे नाव रायखान; मुलगा तिला आपा म्हणे. रागावली की ती मुलाकडे न बघता बोलत असे.

“साऱ्या आभाळात तुला फुटलेलाच सापडला?” ती पिशवीला म्हणाली. “एखादा धड नव्हता का रे?”

“आपा, तो वाईट नसतो. अशा ताऱ्यांतूनच पुढं सगळं—”

“मला नको शिकवू. तुझ्या बापाने चाळीस वर्षं शिकवलंय. तुझ्या आत्यानं, बघितलंस का, घासच टाकला तोंडातला.”

“आत्यानं घास टाकला?” मागून आलेले वडील म्हणाले. “मग खरंच मोठा स्फोट झाला म्हणायचा.” ते हसले, पण हसू डोळ्यांपर्यंत गेले नाही. मग त्यांनी कोटाचे बटण लावत, अगदी सहज विचारले, “कोणता रे हा?”

“कोणता म्हणजे?”

“तारा. कोणता काढलास?”

त्या क्षणी तो ‘कुठलाच नाही’ असे म्हणू शकला असता. परंतु वडिलांच्या प्रश्नात एक खात्री होती, की ज्या अर्थी मुलाने आपल्यासाठी तारा काढला त्या अर्थी तो कोणता तरी तारा असणारच. आणि त्या खात्रीपुढे दाउरेनची जीभ आपोआप लवली. “वृषभातला,” तो म्हणाला. “शिंगापाशी आहे ना, तो.”

“हां, तो,” वडील म्हणाले. त्यांचे खांदे किंचित खाली आले. “ऐकलंस, रायखान? तो होय. त्याला जाऊन हजार वर्षं व्हायला आली. भर दिवसा दिसला होता म्हणे लोकांना. जुनं मरण आहे ते, त्याचं सुतक संपलं.” आणि आईने पहिल्यांदाच मुलाकडे पाहिले.

खोटे बोलणे इतके हलके असू शकते हे दाउरेनला तोवर ठाऊक नव्हते. घरी परतताना रस्त्याच्या कडेच्या पाटांतून डोंगरातले पाणी खळाळत होते, शेजारी बसलेली त्याची बायको मेरुएर्त पायातले उंच जोडे काढून पोटऱ्या चोळत होती, आणि त्याला वाटत होते की एका शब्दाने आपण आईची झोप आणि वडिलांचा मान दोन्ही राखले. परंतु ते चित्र खरोखर कशाचे बनले आहे, हे त्याच्याइतके कोणाला ठाऊक होते? त्याच्या धंद्यात तारा आकाशातून येत नाही. थरावर थर रचावे लागतात. त्या तांबूस कड्या म्हणजे गॅरेजच्या दाराचा गंज होता, जवळून टिपलेला आणि गोल वळवलेला. निळी आभा स्वयंपाकघरातल्या शेगडीच्या ज्योतीची होती. धुरकट पडदे होते चहात ओतलेल्या दुधाचे, उलटे करून काळवंडवलेले. ठिणग्यांसाठी त्याने मीठ काळ्या कापडावर उधळले होते. हे सारे त्याने गेल्या वर्षी गाद्यांच्या एका कारखान्याच्या जाहिरातीसाठी जमवले. ‘अवकाशासारखी निद्रा’ असे काहीसे त्यांना हवे होते. चित्र पाहून तिथला मनुष्य म्हणाला, “भाऊ, हे बघून झोप लागायची की उडायची?” आणि चित्र परत आले. सत्तरीचा समारंभ तोंडावर येईपर्यंत त्याने वडिलांसाठी काय करावे याचा विचार पुढे ढकलला, आणि मग जुन्या कामांच्या गर्दीतून तेच उघडून, कारखान्याचे नाव होते त्या जागी वडिलांचे नाव लिहिले. अक्षरांचा रंगसुद्धा बदलावा लागला नाही. हेच त्याला आता अधिक बोचत होते. कारण त्या कामात त्याला दुःख झाले नव्हते, लाजही वाटली नव्हती, उलट वेळ वाचल्याचे समाधान वाटले होते.

आणि ज्या मनुष्याला त्याने हे दिले, त्याचे तारे काळे होते. दाउरेन लहानपणी उन्हाळाभर वेधशाळेत राहायचा. तिथे वडील खिडकीपाशी बसून काचा पाहत. दुर्बिणीने टिपलेले आकाश त्या काचांवर उलटे उमटे. आभाळ फिकट, दुधाळ, आणि त्यावर तारे म्हणजे तिळाएवढे काळे ठिपके. डोळ्याला भिंग लावून वडील एकेका ठिपक्याशी तासन्‌तास थांबत. पोराने जवळ यावे, पण श्वास रोखून. काचेवर वाफ धरता कामा नये. “आके, हा एवढा मोठा का?” असे वडिलांना विचारताना त्याने तोंडावर दोन्ही हात धरलेले असत. पुढे देश बदलला, पगार थांबले, वेधशाळेतली ऊब गेली. वडील फरची टोपी घालून, बोटे काखेत गरम करून घेत तेच ठिपके मोजत राहिले. इतर लोक बाजारात चिनी माल विकायला बसले तरी हे वर गेले की खाली उतरत नसत. आई त्या दिवसांत शेजाऱ्यांची कापडे शिवायची आणि म्हणायची, “आपल्या घरी मीठ संपलं तरी चालेल, पण वरचे तीळ मोजायचे राहायला नको.” दाउरेनला त्या वयात वडिलांचा राग यायचा. एवढ्या कष्टाने पाहायचे, आणि दिसायचे काय, तर काळे ठिपके! त्याने संगणकावर पहिला तारा रंगवला तेव्हा जणू त्या सगळ्या काचांचे उट्टे काढल्यासारखा तो भडक रंगवला होता. वडिलांनी तो बराच वेळ पाहिला होता. “ह्या चार सळ्या कसल्या, फुलीसारख्या?” “चमक आहे, आके. लोकांना आवडते.” “त्या ताऱ्याच्या नसतात रे. दुर्बिणीच्या आतल्या आडव्या पट्ट्यांमुळे दिसतात. तू दुर्बीण काढली आहेस.” त्या बोलण्यात टीका नव्हती, हे आज कळत होते, मुलाच्या चित्रात आपल्या यंत्राची खूण सापडली याचे त्यांना कौतुक वाटले होते. तेव्हा मात्र त्याने पडदा बंद केला होता, आणि त्यानंतर वडिलांना आपले काम दाखवणेच सोडले होते. सत्तरीच्या पडद्यापर्यंत.

समारंभानंतर वडिलांनी त्या चित्राची मोठी छापील प्रत करवून घेतली आणि बैठकीच्या खोलीत, गालिच्याशेजारी टांगली. दाउरेन रविवारी गेला तेव्हा खालच्या मजल्यावरचे सापारगाली, निवृत्त पशुवैद्य, चहाची वाटी हातात धरून चित्रापुढे उभे होते.

“मला तर गाभण मेंढीच्या पोटासारखं दिसतंय,” ते म्हणाले.

“तुम्हाला सगळं मेंढीसारखंच दिसतं,” वडील म्हणाले. “लग्नात बायकोचे दात बघितले होते ना तुम्ही?”

“बघितले म्हणून तर अजून टिकलीय! बरं, सांगा, काय आहे हे?”

वडिलांनी खुंटीवरून जुने, कडा पिवळ्या पडलेले छायाचित्र उतरवले आणि चित्राशेजारी धरले. त्यात लांबट, पिंजलेल्या कापसासारखा मेघ होता. “हा वृषभातला. आमच्याच दुर्बिणीतून घेतलेला. आता बघा, हा लांबोडा, आणि पोराचा गोल. मी दोन दिवस चक्रावलो. म्हटलं, चुकला की काय हा? नकाशे काढले, जुनी मापं काढली. आणि मग डोक्यात प्रकाश पडला. अहो, हा अंड्यासारखा आहे! आपण त्याला कुशीकडून बघतो म्हणून लांबट दिसतो. टोकाकडून बघितला तर गोल दिसणार, कड्या एकीत एक दिसणार. अगदी अशा.” त्यांनी गंजाच्या कडीवरून हळूच बोट फिरवले. “चाळीस वर्षं मी एकाच जागेवरून बघत बसलो. पृथ्वी सोडून जाता येत नाही ना. हा तिकडून बघून आला.”

सापारगालींनी वाटी खाली ठेवली आणि दाउरेनकडे आदराने पाहिले. “शाबास रे! आणि आम्ही समजत होतो, तू खेळांची चित्रं काढतोस.”

दाउरेनने काहीतरी म्हटले. काय म्हटले ते त्याला नंतर आठवले नाही. आई वाटीत अर्धाच चहा ओतत होती, जेणेकरून पाहुण्याने पुन्हा मागावा, आणि तिच्या मुद्रेवर समारंभानंतर प्रथमच स्वस्थता होती. त्याला जाणवले की वडील कधीच इतके बोलत नाहीत. त्यांनी भीतीला उत्तर शोधले होते. ओठ हलले त्या क्षणाची लाज त्यांना मुलाहून अधिक वाटली असणार; आणि ती लाज धुण्यासाठी त्यांनी नकाशे काढले, मापे काढली, आणि शेवटी आपल्या मुलाच्या निष्काळजीपणात एक विचार ओतला, इतका सुंदर विचार, की तो खरा असता तर त्या चित्राला अर्थ आला असता. परतीच्या वाटेवर त्याला वाटले, आपण एक रिकामे भांडे दिले आणि म्हाताऱ्याने ते स्वतःच्या पाण्याने भरून आपल्यालाच पाजले.

हे असेच चालू राहिले असते. आपल्याकडे पुष्कळ घरे अशाच एखाद्या असत्यावर शांतपणे उभी असतात. परंतु पुढच्या आठवड्यात मेरुएर्तने जेवताना सांगितले, “आकेंना वेधशाळेच्या वर्धापनदिनाला बोलायला बोलावलंय. ताश्कंदहून, मॉस्कोहून लोक येणारेत. ते म्हणतात, मुलाचं चित्र दाखवून बोलणार. टोकाकडून दिसणारा तारा.” ती आनंदाने सांगत होती. “नवा कोट शिवायला टाकलाय.” दाउरेनने हातातला भाकरीचा तुकडा ताटात परत ठेवला. ते लोक तज्ज्ञ होते. त्यांतला कोणीतरी, नम्रपणे, कदाचित फार नम्रपणे, विचारील की मुलाने कोणती मापे वापरली. आणि सत्तरीचा मनुष्य नव्या कोटात उभा राहून मागे वळून पाहील.

आधी त्याने पळवाट शोधली. चित्र खरे करून टाकू, असे ठरवले. वृषभातल्या त्या मेघाबद्दल जे सापडले ते वाचले, त्याचे तंतू, त्याची वेगवेगळी अंगे समजून घेऊ लागला. सकाळच्या स्वच्छ उजेडात बसून तो टोकाकडचा आकार रचू पाहत होता. जसजसा रचत गेला तसतसे कळत गेले की खरा आकार गंजाच्या कड्यांसारखा गोंडस नाही, खडबडीत आहे, तुटक आहे, आणि कितीतरी अधिक विलक्षण आहे. एका थराखाली दुसरा थर उघडताना त्याला गादीवाल्यांच्या जाहिरातीची ओळ सापडली. दिसेनाशी केलेली, पण पुसलेली नव्हे. ती वडिलांच्या नावाच्या बरोबर खाली इतके दिवस होती. तो पडद्यासमोर हातांनी तोंड झाकून बसला. लहानपणी काचेपाशी बसायचा तसाच, पण आता त्या हातांआड प्रश्न नव्हता.

तो दुपारी वडिलांकडे गेला. वडील मेजाशी बसून भाषण लिहीत होते. आई बाउरसाक, पिठाचे फुगीर गोळे, तळत होती आणि घरभर तेलाचा गोड वास होता. “ये, ये,” वडील म्हणाले. “बरा आलास. मला एक सांग, तू मधल्या तेजाला पांढरा का केलास? मी लिहिलंय की तिथं उरलेला गाभा फिरतोय म्हणून. बरोबर ना?”

“आके,” तो म्हणाला, “तो वृषभातला नाही.”

“मग कुठला?”

“कुठलाच नाही. तो तारा नाहीच. तुमच्यासाठी काढलाही नव्हता.” आणि त्याने सगळे सांगितले. गंज, शेगडी, दूध, मीठ. आई झारा हातात धरून दारात येऊन उभी राहिली.

“गाद्यांसाठी?” वडिलांनी विचारले.

“हो.”

“घेतलं त्यांनी?”

“नाही.”

“म्हणजे गादीवाल्यांनी टाकलं ते मी घेतलं.” त्यांनी चष्मा काढला आणि सदऱ्याच्या टोकाने पुसला, फार वेळ. रागावतील तर बरे, असे दाउरेनला वाटले. ते रागावले नाहीत.

बोलली ती आई. “थांब, थांब. म्हणजे हा खरा तारा नव्हेच? गॅरेजचं दार?”

“हो, आपा.”

“म्हणजे कोणीच मेलं नाही?”

“नाही.”

“अल्ला! मग हे आधी सांगायचंस ना, मूर्खा!” तिचे डोळे भरून आले आणि ती हसायला लागली, झाऱ्यातून तेल जमिनीवर ठिबकत होते. “मी रोज त्याच्याकडे पाठ करून चहा ओततेय. हजार वर्षांचं मरण म्हणे! मरण ते मरण. गंज आहे, गंज! ऐकलंत का हो? तुमच्या बहिणाबाईला आत्ताच कळवते.” आणि ती खरोखरच फोन शोधायला आत गेली. दाउरेनने तिला इतके हलके झालेले कित्येक दिवसांत पाहिले नव्हते. जे सत्य त्याने एवढे जड म्हणून आणले होते, त्याने तिच्या छातीवरचा दगड उचलला होता.

वडील मात्र चित्राकडे पाहत होते. त्यांनी भाषणाचे कागद एकावर एक नीट ठेवले, कडा जुळवल्या.

“मला वाटलं होतं, तू तिथं गेला असशील,” ते म्हणाले. “मनानं, म्हणतोय मी. एवढ्या वर्षांत कोणीतरी तिकडच्या बाजूनं बघितलं, आणि तो माझा मुलगा.” नजर चित्रावरून न काढता ते म्हणाले, “म्हणजे तिथून कोणी पाहिलंच नाही.”

“मी आता प्रयत्न करतोय, आके. खरा आकार—”

“आता तू माझ्यासाठी जाशील,” वडील हळूच म्हणाले. “तेव्हा तू आपला आपण गेला होतास, असं मला वाटलं होतं. ते निराळं.” त्यात कडवटपणा नव्हता. जे मोडले ते दुरुस्तीच्या पलीकडचे होते. पुढे तो कितीही अचूक तारा रंगवील, पण एका म्हाताऱ्याने तीन आठवडे ज्या ठिकाणी आपल्या मुलाला उभे पाहिले, ते ठिकाण पुन्हा रिकामे झाले होते. भाषणाला ते जुन्या काचांवर बोलतील, असे त्यांनी सांगितले; कोणाला फारसे ऐकावेसे वाटणार नाही, पण त्यात चूक निघणार नाही. चित्र काढून टाकू का, असे त्याने विचारले तेव्हा ते म्हणाले, “राहू दे. तुझ्या आईला आता आवडायला लागेल.”

आत आई फोनवर मोठ्याने हसत होती. मग ती ताट घेऊन आली, तिघे जमिनीवरच्या बैठकीत बसले, आणि कोणी फारसे न बोलता गरम बाउरसाक खाल्ले, चहा प्याले. खाणे आटोपल्यावर वडिलांनी घरच्या रीतीप्रमाणे दोन्ही तळवे आकाशाकडे उघडे धरले. मायलेकांनीही धरले. वडील अगदी सावकाश म्हणाले :

“या घरातल्या कोणाचं अन्न आटू नये. माझ्या मुलाच्या हाताला काम असावं, आणि त्याच्या डोळ्याला ते करताना कोणीतरी दिसत असावं. जे आपण पाहिलं नाही ते पाहणारा कोणी पुढं जन्मावा. सगळे सुखरूप असोत. आमीन.”